बंद दिसणारी मोटर

हिंगणीत बातमी पसरली त्या दुपारी सारं गाव प्रभाकररावांच्या विहिरीवर जमलं. मोटरच्या सोललेल्या वायरला टेप लावताना त्यांची बायको सरिता शॉक लागून गेली होती. तिला बांधावर आणून ठेवलं, तोच कोणाचा हात न लागता मोटर पुन्हा धडधडली. प्रभाकररावांच्या मोबाईलवर मात्र ‘बंद’ दिसत होतं. मोटरच्या पेटीत सिमकार्ड होतं. मोटर मोबाईलवरूनच चालू-बंद व्हायची.

गावचा मांत्रिक सुखदेव भगत पुढं झाला. "आसरा हायेत ह्या विहिरीत, पाण्यातल्या देव्या! बाई विटाळात पाण्यावर आली, म्हून नेली. आता मी म्हणीन तव्हाच मोटर चालू होईन, पाहजा!"

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं विहिरीत लिंबू फेकलं, "उठ माये!" म्हणून ओरडला, आणि मोटर खरंच चालू झाली. लोक पाया पडले. आसरेनं नेली म्हटलं की प्रभाकररावांना थोडा श्वास घेता येत होता.

गावच्या शाळेतल्या यामिनी मॅडम मात्र भगताच्या हाताकडे पाहत होत्या.

"महाराज, लिंबू फेकायच्या आधी मोबाईलात काऊन पाहता?"

"मुहूर्त पाहून राह्यलो, बाई."

"मग मोबाईल माझ्याजवळ द्या. लिंबं टोपलीभर आणून देते."

लोक हसले. भगतानं नाइलाजानं मोबाईल दिला. सात लिंबं वाया गेली.

"आसरा रुसल्या," भगत म्हणाला.

"रुसल्या नाई, नेटवर्क गेलं हाय." थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या, "आलं. आता फेका." आठवं लिंबू हातातच होतं, तेवढ्यात मोटर चालू झाली.

मग त्यांनी मेनचा खटका ओढून मोटर बंद केली, पेटीतलं सिमकार्ड काढलं आणि खटका पुन्हा लावला. नेटवर्क गेलं, आलं. मोटर हलली नाही.

"भाऊ, ह्या पेटीत काही नवं टाकलं होतं काय?"

उत्तर एकट्या प्रभाकररावांजवळ होतं. गप्प राहिलं तर विटाळाचा डाग सरितावर राहणार होता. बोललं तर सारं त्यांच्यावर येणार होतं.

"मी टाकलं," ते म्हणाले. "पेटीचा नवा प्रोग्राम, अर्धवट होता तो. ‘अजून तयार नाही, चुका असू शकतात, वापरून पाहता का?’ असं लिहून होतं. सगळ्यांच्या आधी मले पाहिजे होतं. दाबलं ‘होय’. सरितानं इचारलं होतं, खटका ओढू काय? मी म्हटलं, मोबाईलवर बंद दिसते, लाव टेप. ते विटाळात नोहती. असती तरी विजेले ते समजत नाई."

नेटवर्क तुटून जुळलं की त्या कच्च्या प्रोग्रामला जुना ‘चालू’चा हुकूम आठवायचा. नंतर दिलेला ‘बंद’ पेटी विसरायची. मोबाईल विसरायचा नाही. भगताला एवढंच कळलं होतं की मोबाईलात नेटवर्कच्या दांड्या उभ्या राहिल्या की मोटर चालू होते.

जिवाशी गाठ असलेल्या कामावर कच्ची वस्तू आजमावू नये. पडद्यावर काहीही दिसो, वायरीला हात लावण्याआधी खटका ओढावा. आणि माणूस मेलं की विहिरीला नव्हे, आधी पेटीला विचारावं.

प्रभाकररावांनी आपली पेटी काढून टाकली. हौसेनं त्यांनी शेजारच्या लक्ष्मणरावांच्या पेटीतही तोच प्रोग्राम घालून दिला होता. तिच्यात आसरा आहे असं मानून लक्ष्मणरावांनी तिला शेंदूर लावला आहे आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत. ती पेटी अजून काढायची राहिली आहे.