लंबूची जागा

मी चटई बोलतेय, बायकांच्या नमाजखोलीतली. प्लॅस्टिकची आहे, कडा उसवल्यात, कोपऱ्यात कुणाच्या तरी इस्त्रीचा डाग आहे. तरी ऐकून घ्या. उद्या मला फेकणार आहात, म्हणून आजच तोंड उघडते.

कारखान्यातून निघाले, दोन वर्षं दुकानात गुंडाळून उभी राहिले, मग इथे अंथरलं मला. तेव्हापासून मी माणसं गुडघ्यांवरून ओळखते. म्हाताऱ्यांचे जड, नव्या सुनांचे घाईचे. आणि दोन पोरींचे, भिंगरी आणि लंबू. दोघी चौदा वर्षांच्या, एकाच बाकावरच्या.

भिंगरी यायची म्हणून लंबू यायची. लपवायचं काय त्यात? नमाजही भिंगरीनेच शिकवली तिला, माझ्यावर. चुकली की कोपर मारायची.

नमाजआधी हात, तोंड, पाय धुतात, ती वजू. एकदा लंबू नेलपॉलिश लावून आली. शिकवणाऱ्या खाला सगळ्यांसमोर कडाडल्या, "नखाला पाणी पोचल्याशिवाय वजू होते का गं? अल्लाहसाठी येतेस की मैत्रिणीचं शेपूट धरून?"

"शेपूट धरून," लंबू म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ओळ लागली. नियम असा की खांद्याला खांदा, मध्ये फट नको. भिंगरीने शेजारी एका माणसाची जागा सोडली.

"सरक," खाला म्हणाल्या.

"लंबूची आहे."

"ती येत नाही आता."

"मग उद्यापासून मीपण नाही." पोरीचे पाय हलले नाहीत. "खाला, तुम्हाला इथे पहिल्यांदा कोणी आणलं होतं?"

मागच्या ओळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या नानी खुदकन हसल्या. "मी आणलं तिला. नमाज कसली, माझ्याशी गप्पा मारायला यायची!"

खालांचे कान लाल झाले. त्या दिवशी फट तशीच राहिली. नमाज झाल्यावर भिंगरीकडे न बघताच त्या म्हणाल्या, "त्या लांबडीला सांग, खाला चुकली."

दुसऱ्या दिवशी नळाशेजारी साबणाजवळ नेलपॉलिश काढायची बाटली दिसली. तीन दिवसांनी लंबू आली, गाल फुगवून. "तुझ्यासाठी आलेय हां," तिने भिंगरीला बजावलं. आली ना? झालं तर.

आता नवा गालिचा येतोय. त्याच्यावर म्हणे प्रत्येकीची वेगळी चौकट छापलीय. छापा खुशाल. मला टाका कचऱ्यात, मी रडणार नाही. पण त्या दोघी एकाच चौकटीत घुसतील, बघाच. आणि तेव्हा खबरदार कोणी "सरक" म्हणालात तर!