तुमच्या डाव्या हाताला

“बाई, टांकसाळ म्हणताय, पण इथं तर बुटांचं दुकान दिसतंय,” कानटोपीवाले आजोबा म्हणाले.

सगळे हसले. थंडीत हसणाऱ्याच्या तोंडून वाफ निघते, त्यामुळे कोण किती हसले ते लपत नाही. सर्वांत मोठा ढग कंपनीच्या मॅनेजरच्या तोंडासमोर होता.

मिटलेली पिवळी छत्री उंच धरून ती तशीच उभी राहिली. छत्री नवऱ्याची. पर्यटकांना शहर पायी हिंडवणाऱ्या कंपनीत तो जन्मभर गाईड होता. गर्दीत लोकांनी चुकू नये म्हणून ही छत्री वर धरून पुढे चालायचा. दिवाणखान्यातल्या माणसालाही रस्त्यावरच्या आवाजात हाक मारायचा. मग त्याच्या घशाचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढले, आणि तो आवाज परत येणार नाही हे नक्की झाले. मॅनेजरने नवा गाईड हेरून ठेवला होता. तिने त्याच्या टेबलापुढे उभे राहून सांगितले होते, “मला एक दिवस द्या. सगळं पाठ आहे मला.”

पाठ होतेच. शिंप्याच्या दुकानातले सदरे घरी आणून ती त्यांना काजे करायची. नवरा रोज सकाळी चहा घेताना तिच्या मशीनसमोर उभा राहून सगळी फेरी म्हणून बघायचा. टांकसाळ, घंटाघर, उतारावरच्या पायऱ्या, नदीवरचा पूल. मशीनच्या तालावर ते शब्द तिच्या डोक्यात टाके घातल्यासारखे पक्के बसले. पाहिले मात्र यातले काहीच नव्हते. घर, शिंप्याचे दुकान आणि बाजार, एवढेच तिचे शहर. लग्न नवे होते तेव्हा ती म्हणायची, “मलाही न्या की एकदा.” तो म्हणायचा, “दिवसभर हिंडून पायांचे तुकडे पडतात गं. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच?” पुढे तिने म्हणणे सोडले.

ऑपरेशनपासून नवरा पेल्यावर चमचा वाजवून बोलत असे. एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. आज सकाळी तिने छत्री उचलली तेव्हा दोन टोले पडले. दाराशी गेली तेव्हा पुन्हा दोन, इतक्या जोरात की पेला आडवा झाला. तिने परत येऊन पेला उभा केला.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “जन्मभर ऐकतेच आहे. जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर खा.”

आणि आता हे बुटांचे दुकान.

तिने मनातल्या मनात वाक्य पुन्हा म्हणून पाहिले. तुमच्या डाव्या हाताला जुनी टांकसाळ. शब्द बरोबर होता, हात चुकला होता. इतकी वर्षे ती ऐकणाऱ्याच्या जागी बसली होती; तिचा डावा तोच लोकांचा डावा. आज ती बोलणाऱ्याच्या जागी होती, आणि आरशात पाहावे तसे सगळे उलटे झाले होते.

“काकू, अजून वेळ गेली नाही,” मॅनेजर जवळ येऊन हळूच म्हणाला. वयाने तो तिच्या भाच्याएवढा असेल. “नवीन मुलगा तयार आहे. फोन केला की येईल.”

“फोन खिशात ठेवा, साहेब. बोटं गारठतील.”

ती चार पावले चालली आणि लोकांमध्ये जाऊन, त्यांच्या रांगेत उभी राहिली. मग तिने छत्रीचे टोक डावीकडे केले. “ही जुनी टांकसाळ.”

“लोकांकडे तोंड करून बोलायचं असतं. कंपनीचा नियम आहे,” मॅनेजर म्हणाला.

“लोक माझं तोंड बघायला आलेत का? टांकसाळ बघायला आलेत. मीपण तेच बघायला आलेय.”

“या, या, इकडे सरका,” कानटोपीवाले आजोबा म्हणाले. “इथं वाराही कमी लागतो.”

तिने वर पाहिले. जाड भिंती, लहान खिडक्या, कौलांवर कबुतरे अंग फुगवून बसलेली. नवऱ्याच्या आवाजात ही इमारत केवढी तरी मोठी होती.

“एवढीशीच आहे की,” तिच्या तोंडून निघून गेले.

“मलाही तेच वाटलं,” आजोबांच्या शेजारची त्यांची बायको म्हणाली. “म्हटलं, बोलावं कसं.”

पुढे जीभ आपोआप चालू लागली. छत्रीची दांडी लोखंडी होती. लोखंड काही हवेपेक्षा गार नसते. ते हातातली ऊब भराभर ओढून घेते, एवढेच. तिने शालीचे टोक दांडीभोवती गुंडाळले आणि चालत राहिली. घंटाघरापाशी मात्र तीन गल्ल्या फुटल्या. पाठ केलेल्या फेरीत फक्त ‘चला पुढे’ होते. तिने रस्ता झाडणाऱ्या बाईला सरळ विचारले, “पुलाकडे कुठून जायचं हो?”

मॅनेजरने कपाळाला हात लावला. “काकू, गाईड कधी रस्ता विचारतो का?”

“सगळ्यांना घेऊन चुकण्यापेक्षा बरं.”

झाडणाऱ्या बाईने झाडूनेच मधली गल्ली दाखवली.

पायऱ्या उतरताना समोरून नदीची हवा आली. पाणी दिसत नव्हते. धुक्यावर नुसता पूल तरंगत होता, दोन्ही टोके नसलेला. ती मध्यावर जाऊन थांबली. या जागी नवराही थांबायचा. चहाचा घोट घ्यायचा, स्वतःशीच हसायचा आणि मग कमानींवर यायचा. चहा आवडला असेल, असे तिला वाटायचे. सवयीने तीही थांबली.

“इथं तो विनोद असतो,” मॅनेजर म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली.

“कुठला?”

“काही नाही. पुढचं सांगा.”

“अहो, अर्धवट कशाला? थंडीत तेवढंच बरं वाटेल,” आजोबा म्हणाले. बाकीच्यांनीही आग्रह धरला. मॅनेजर धुक्याकडे बघत भराभर बोलला, “ते म्हणायचे, ह्या पुलावरून सगळं जग गेलं, पण आमची घरकोंबडी काही आली नाही. कितीदा म्हटलं चल, तर म्हणते, पुलात काय बघायचं, त्याला काज थोडंच करायचंय!”

हशा पिकला. कोणी तरी टाळीही दिली. सदऱ्याला काज करताना कापड आधी कापावे लागते, तो कर्र आवाज तिला इथे, भर पुलावर ऐकू आला. नवरा हे रोज सांगत होता. तिच्यासमोर मात्र या जागी चहाचा घोट घेत होता.

हसणे संपेपर्यंत ती थांबली.

“ती घरकोंबडी मीच,” ती म्हणाली. “आणि मला कुणी चल म्हटलं नव्हतं.”

तिने छत्री पूर्वीपेक्षा उंच धरली. “हा पूल बांधताना मधली कमान दोनदा कोसळली. तिसऱ्यांदा गवंड्यांनी आपापल्या बायकापोरांना कमानीखाली उभं केलं आणि मग आधाराची लाकडं काढली. पडली नाही. आता कठड्यापाशी या, दगड हाताला लागेल. सगळ्यांनी या. मीही पहिल्यांदाच हात लावतेय.”

मागे आजोबांची बायको पुटपुटली, “ऐकलंत?”

“मला काय ऐकवतेस? मी आणलं ना तुला.”

“माझ्या भावानं तिकिटं काढली म्हणून.”

संध्याकाळी चौकात लोक पांगले. जाताना आजोबांच्या बायकोने तिचा हात दोन्ही हातांत धरला. मॅनेजर बूट आपटत उभा होता.

“उद्या आठला या. नवीन मुलाला मी कळवतो.”

“आणि तोंड कुणीकडे करू?”

“करा तुम्हाला हवं तिकडे,” तो म्हणाला.

घरी नवरा बिछान्यावर उठून बसला होता. जेवण झाकलेलेच होते. त्याने तिच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिले, मग छत्रीकडे.

“उद्यापासून फेरी माझी,” तिने सांगितले.

चमचा वाजला नाही.

तिने जेवण गरम केले, तो जेवेपर्यंत समोर बसली, चहा ठेवला. मग त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात आणले आणि मशीनपुढच्या तिच्या स्टुलावर बसवले. पेला-चमचा त्याच्यापुढे ठेवला. स्वतः कप घेऊन तो उभा राहायचा तिथे उभी राहिली.

“तुमच्या डाव्या हाताला जुनी टांकसाळ,” ती म्हणाली आणि आपला उजवा हात वर केला.

एक टोला.

घंटाघराचे साल चुकले, दोन टोले पडले. तिने सुधारून घेतले. पायऱ्या उतरल्या. पुलावर येऊन ती थांबली आणि चहाचा एक घोट घेतला, अगदी त्याच्यासारखा. त्याची मान खाली गेली.

“आधीचे गाईड इथं एक विनोद सांगायचे,” ती म्हणाली. “आता मी सांगते. त्यांनी सगळ्या जगाला हा पूल दाखवला, घरकोंबडीला सोडून. मग घरकोंबडी छत्री घेऊन एकटीच निघाली.”

दोन टोल्यांची तिने वाट पाहिली. चमचा पेल्याच्या काठाला टेकला, पण वाजला नाही.

“आता उजवीकडे बघा,” ती म्हणाली. “धुकं विरलं की नदी दिसेल.”

उजवीकडे खुंटीवर काजे व्हायचे राहिलेले सदरे टांगले होते. त्याने पट्टी बांधलेली मान सावकाश, दुखते तितकी सांभाळून, तिकडे वळवली आणि बघत राहिला.