चौथा रकाना

"रितिका, कूलर सुरूच हाय काय वं?"

जिन्याच्या पायथ्याशी घरमालक रुपरावकाकांचा आवाज आला आणि रितिकाचा हात आपोआप कूलरच्या बटणाकडे गेला. मग तिची नजर चिन्मयीवर पडली. दीड वर्षाची पोर, मानेवर लालभडक घामोळ्या, आत्ता कुठे डोळा लागलेला. मागच्याच आठवड्यात तिला ऊन लागून ताप चढला होता. "खोली थंड ठेवा. पुन्हा असं झालं तर भरती करावं लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि खोली कशी, तर हुडकेश्वरच्या मोकळ्या प्लॉटांकडे तोंड केलेली, डोक्यावर नुसता तापलेला स्लॅब!

"हो काका, आत्ताच लावला," ती खोटंच बोलली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकरासाठी खोटं!

तिचा संताप संताप झाला. नवरा रजत कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. रोज कपड्यांवर राख घेऊन घरी येणार, आणि त्याच्याच घरात कूलर लावायची चोरी! बिल काकांच्या नावावर यायचं, मोठा आकडा दिसला की ते कूलरवर घसरायचे. त्याला सांगावं तर तो म्हणायचा, "जाऊ दे ना रितिका. काकांना दुखावलं तर घर सोडावं लागेल. उन्हाळ्यात कुठं शोधायचं दुसरं?" बिल आलं की दोघं मिळून वीज कंपनीला शिव्या घालायचे आणि पंखाही एकावर आणायचे.

थोड्या वेळानं काकांनी तिला खाली जिन्याशी बोलावलं. हातात कागद, चेहऱ्यावर उत्साह.

"अवं, तू बी. कॉम. हायेस ना? आपल्या कॉलनीचं निवेदन चाललं दरवाढीच्या विरोधात. एक तक्ता करून दे. आपला दर, मध्य प्रदेशातला दर, मुंबईच्या कंपन्यांचा दर. तीन रकाने. लोकायले दिसलं पायजे, आपल्याले कसं लुटून राहिले ते!" त्यांनी आपलं बिल तिच्या हातात दिलं. "तुझी बहीण पांढुर्ण्याले हाय ना? लाव तिले फोन."

रितिकाला हे पटलं. काटोलच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की पांढुर्णा. तिथली वीज कंपनी वेगळी. तिनं दीपमालाला फोन लावला.

"ताई, तुमच्याकडे युनिट कितीला पडतो गं?"

"असा एक दर नसतो, बाई. पहिले थोडे युनिट स्वस्त, मग जसजसं जास्त जाळाल तसा दर चढतो. तुमच्याकडे पण तसंच असेल."

"छे! आम्हाला पहिल्या युनिटपासून एकच दर. काका सांगतात तो."

"म्हणजे कंपनी नाही, काका दर ठरवतात? तुमच्या घराला मीटर किती?"

"मीटर एकच. आम्हाला आणि मागच्या खोलीतल्यांना पोटमीटर बसवलेत."

"मग झालं तर! तीन चुली एका मीटरवर. सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन बिल वरच्या दरात जाणारच. आणि कॉलेजात पहिली येत होतीस तू!"

फोन ठेवून रितिकानं काकांचं बिल नीट वाचलं. वर्षभर ती वीज कंपनीला शिव्या घालत होती, पण बिल एकदाही पाहायला मागितलं नव्हतं. काका सांगत होते तो दर त्यात सगळ्यात वरच्या टप्प्याचा निघाला. स्वस्त युनिट सगळे खाली, काकांच्या वाट्याला. सगळ्यात वरचा दर भाडेकरूंना!

त्याच वेळी खालून पुन्हा हाक आली, "झाला काय तक्ता? अन् कूलर बंद कर वं आता!"

बस्स! तिनं पट्टी घेतली आणि तक्त्यात आणखी एक रेघ ओढली.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. कॉलनीतली मंडळी जमली. काका ऐटीत म्हणाले, "वाच बेटा, मोठ्यानं."

चिन्मयीला कडेवर घेऊन रितिकानं वाचायला सुरुवात केली. आपला दर, पांढुर्ण्याचा, मुंबईचा. लोक चुकचुकले. मग ती थांबली.

"आणि चौथा रकाना, रुपरावकाकांचं घर. या तक्त्यातला पहिल्या युनिटचा सगळ्यात महाग दर इथं आहे."

कोणी तरी मागून खुदकन हसलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"माह्या अंगणात बसून मलेच चोर म्हणून राहिली? घर माहं, मीटर माहं, तर पहिले युनिटबी माहेच ना!"

"चोर नाही म्हटलं, काका. आम्हाला वेगळं मीटर घेऊ द्या. अर्ज मी करते, खर्चही आमचा. फक्त तुमची संमती हवी."

"अन् उद्या मीटर दाखवून घरावर हक्क सांगितला तर? भाडेकरूले मीटर देल्लं म्हणजे घर गेलंच समजा!"

आता दारात उभ्या असलेल्या काकांच्या पत्नी कुसुमताई पुढे आल्या. "अवो, आपला पोरगा अंकित पुण्यात भाड्यानं राहते. त्याचं मीटर वेगळं हाय, बिल तोच भरते. झाला काय तो त्या फ्लॅटचा मालक?"

"तू कायले मधात पडून राहिली?"

"पडीन नाही तर काय! भाडेकरार केला ना तुमी? घराची मालकी त्याच्या कागदानं ठरते, विजेच्या बिलानं नाही. तुमच्या या भेवापायी ते लेकरू वर शिजून राहिलं. दुसऱ्याच्या दारी निवेदन घेऊन जाता, अन् आपल्या घरी काय चाललं हाय? सरकारले कोन्या तोंडानं जाब विचारसान?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चिन्मयीनं मान खाजवली आणि रडायला लागली. काका त्या लाल मानेकडे बघत राहिले. किती तरी दिवस ते जिन्याखालूनच ओरडत होते. पोरीला जवळून पाहिलंच नव्हतं!

"बाप्पा! एवढ्या घामोळ्या?" ते हळूच म्हणाले. मग तक्ता हातात घेतला. कोणाला तरी वाटलं, आता फाडणार. पण त्यांनी तो परत रितिकाला दिला. "चौथा रकाना राहू दे. मीटर लागलं की मग खोडजो. तवरोक बिल तिघायले सारख्याच दरानं लावू, स्वस्त युनिट सगळ्यायले. अन् ते अर्जाले काय काय लागते, सांग."

पाऊसपाणी सुरू होण्याआधीच जिन्याखाली तीन मीटर शेजारी शेजारी लागले. निवेदनही गेलं, आणि त्यावर पहिली सही रितिकाची होती. आता दुपारी खालून तीच हाक येते, "रितिका, कूलर सुरू हाय काय वं?" पण पुढे एक वाक्य जास्त असतं, "नसंल तर लाव, पोरगी झोपली असंल!"

वाचकहो, वीज महाग आहे, हे खरंच. त्याविरुद्ध बोलायलाच हवं. शेजारच्या राज्याशी, शेजारच्या शहराशी दर ताडून जरूर पाहा. पण तक्ता करताना आपल्या घराचा रकाना सोडू नका. घरमालक असाल तर भीतीपोटी दुसऱ्याच्या लेकराचा वारा अडवू नका. भाडेकरू असाल तर मनातल्या मनात जळण्यापेक्षा बिल मागा, वाचा आणि तोंड उघडा. न्याय आपल्याला हवा असेल, तर तो आधी आपल्या जिन्यावरून वर चढू द्या!