हेडक्लार्कांची वामकुक्षी

जगातली सगळी यंत्रं एकमेकांशी बोलू लागली की माणसाची दुःखं संपतील. आमच्या कचेरीतला प्रिंटर मात्र दुपारी दोननंतर कोणाशीच बोलत नसे.

टायपिस्टबाईंना आजारी आईकडे जायचं होतं. रजेचा अर्ज तीनच्या आत साहेबांपुढे हवा होता. तो छापून येईना, म्हणून बोलावलेला तंत्रज्ञ तीन तऱ्हांच्या सिस्टिमांमधून झोपेत चालल्यासारखा फिरला. अर्ज कुठेतरी ढगात तरंगत होता.

शेवटी तो हेडक्लार्कांपाशी थांबला. प्रिंटर त्यांच्याच कॉम्प्युटरला जोडलेला, आणि कॉम्प्युटर बंद.

"काका, हा कोणी बंद केला?"

"मीच. रोज वामकुक्षीला करतो."

त्याने कॉम्प्युटर सुरू केला. बाईंनी सोळा वेळा धाडलेला अर्ज पाखरांच्या थव्यासारखा बाहेर आला. त्यातला एक उचलून बाई धावल्या.

हेडक्लार्कांनी जांभई दिली. "झालं ना? मग तेवढा बंद करा. डोळ्यांवर उजेड येतो."