डावा खांदा

बाबांची नजर अधू झाली आणि राजवाड्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी निघताना त्यांनी एकच बजावलं, "गिऱ्हाइकावर जीव जडू देऊ नकोस. माप चुकतं."

गिऱ्हाईक दिसतच नाही, तर जीव जडणार कशावर? युवराज दोन वर्षं अदृश्य होता. एका चेटकिणीची करणी. अठराव्या वाढदिवशी दुपारी बाराचा शेवटचा ठोका पडायच्या आत तंतोतंत बसणारा कोट अंगावर चढला तर तो दिसणार, नाहीतर जन्मभर नुसता आवाज. सहा नावाजलेले शिंपी हात टेकून परत गेले होते.

तबेल्यावरच्या शिवणखोलीत तीन दिवस मी हवेला टेप गुंडाळत होते.

"पोट आत ओढू नका," मी म्हणायची.

"तुला कुठे दिसतंय?"

"टेपला कळतं."

मग तो हसायचा आणि टेप माझ्या हातात थरथरायची. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाबांचं बोलणं गंमत म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मात्र माझीच गंमत झाली. जडला जीव, लपवून काय उपयोग?

वाढदिवशी पावणेबाराला कोट त्याच्या अंगावर चढला. बटणं लागली. वर रिकामी कॉलर, खाली रिकाम्या बाह्या. कोट नुसता हवेत उभा. दाराशी राणीसाहेब रुमाल चावत होत्या.

मी बाह्या चाचपल्या, पाठ चाचपली. डाव्या खांद्यावर हात ठेवला, तर तळव्याखाली कापूस दबला. तिथे टेप बोटभर कमी भरली होती, म्हणून मीच तो भरला होता. उणं दिसलं की कापूस, ही आम्हा शिंप्यांची खोडच. त्या सहा जणांनीही हेच केलं असणार.

"तुमचा डावा खांदा उतरता आहे ना?" मी विचारलं.

आवाज आला, अगदी बारीक. "लहानपणी घोड्यावरून पडलो. सगळे तिथेच बघायचे. चेटकिणीला म्हटलं, तेवढा खांदा लपव. तिने सगळाच लपवला."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"तुझ्यापुढे वाकडा दिसायचं नव्हतं मला."

मला त्याचा असा राग आला आणि त्याच वेळी तो इतका आवडला की कात्री दोनदा हातातून पडली. मी खांद्याची शिवण उसवून कापूस ओढायला लागले.

"अगं, वाकडा दिसेल तो," राणीसाहेब म्हणाल्या.

"दिसेल तरी," मी म्हटलं.

मनोऱ्यावर बाराचे ठोके सुरू झाले. एक, दोन... मी टाके घालत सुटले. सातव्याला दोरा गुंतला. नवव्याला सुटला. अकराव्याला मी गाठ मारली आणि दोरा दातांनीच तोडला, त्याच्या खांद्याला जवळजवळ नाक टेकवून.

बाराव्याला नाकाशी गळा आला. मग हनुवटी, कान, घट्ट मिटलेले डोळे. एक खांदा खाली, एक वर, आणि कोटाला कुठेही सुरकुती नाही. राणीसाहेब रडायला लागल्या.

त्याने डोळे उघडले, कोट खालीवर न्याहाळला आणि त्याचा चेहरा पडला.

"माप अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणजे जीव काही जडला नाही."

दोऱ्याचं टोक अजून माझ्या दातांतच होतं. ते मी काढलं.

"बाबांचंही कधीतरी चुकतं," मी म्हणाले आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.