कोरडी जागा

रेट्टाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर एकेक वस्तू मांडायला घेतली. चिकटपट्ट्या, जाळीचं बँडेज, गोचीड उपटायचा चिमटा, भाजल्यावर लावायचं जेल, लेकीचं, विल्याचं, ॲलर्जीचं औषध. चिमटा उचलला की विल्याच्या कानामागे रुतलेली गोचीड दिसायची, जेलची नळी उचलली की सौनाच्या, म्हणजे बेटावरच्या लाकडी वाफघराच्या, तापल्या दगडांवर टेकलेला इवलासा तळवा. पिशवी भरायची म्हणजे संकटांना नावानिशी आवतण द्यायचं, असं तिला वाटे. आणि एखादं नाव विसरलंच, तर नेमकं तेच दारात येऊन उभं राहील, असंही.

सगळ्यांत शेवटी ती पेनांशी आली. गेल्या वर्षी पाळणाघराच्या अंगणात विल्याला गांधीलमाशी चावली होती. ओठ सुजले, श्वास शिटीसारखा वाजायला लागला, आणि चार वर्षांचं ते पोर निळं पडता पडता वाचलं. तेव्हापासून घरात इंजेक्शनची तीन पेनं होती. एक रेट्टाच्या कमरेच्या पाकिटात, झोपतानाही उशाशी. दुसरं बेटावरच्या उन्हाळी घरी. जूनमध्ये गेले होते तेव्हा ती तिथे एक पिशवी मुद्दाम ठेवून आली होती. तिसरं पाळणाघरातलं, सुट्टीपुरतं घरी आलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जिथे पोर तिथे दोन. कधीकधी पहिल्याचा अंमल ओसरतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

तिने तिसरं पेन टॉवेलवर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

"एवढं करण्यापेक्षा डॉक्टरच नेऊ या," दारातून यार्नो म्हणाला. "तो निदान आपल्या पायांनी होडीत बसेल."

तिने हसून सोडून दिलं. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. एक कमरेला, एक तिथे, झाली की दोन. तिसरं वाटेत उन्हात तापेल, होडीत भिजेल, सोमवारी पाळणाघराला द्यायचं राहून जाईल. आपण अति करतो हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याने बोलून दाखवण्याआधी ती स्वतःच स्वतःला ते ऐकवत असे. तिने पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर कमरेने लोटला.

शनिवारी सकाळी होडी बेटाला लागली तेव्हा सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. शनिवार म्हटल्यावर सासूबाईंनी, केर्तूंनी, सकाळपासूनच चूल पेटवलेली. धक्क्यावर उभं राहून त्यांनी विल्याला उचललं, यार्नोच्या हातातल्या सामानाकडे पाहिलं आणि घर बदलताय की काय असं विचारलं. तळं आरशासारखं शांत होतं. नको इतकं शांत, असं रेट्टाला उगाचच वाटून गेलं.

सामान आत टेकवल्या टेकवल्या ती कपाटाशी गेली. जूनमध्ये ठेवलेली लाल पिशवी तिथे नव्हती.

केर्तू म्हणाल्या, आहे की, नीट ठेवली आहे, सौनाच्या बाहेरच्या खोलीत खुंटीला. कुऱ्हाड तिथे चालते, विस्तव तिथे, ओल्या फळीवरून पाय घसरतो तो तिथेच. मग पट्टी इथे घरात ठेवून काय करायची?

रेट्टा चालत गेली की धावत, ते तिचं तिला कळलं नाही. कपडे बदलायची ती लहानशी खोली लाकडाच्या वासाने भरली होती. पिशवीची खुंटी नेमकी ज्या भिंतीला होती, तिच्या पलीकडे चूल. तिने भिंतीला हात लावला आणि मागे घेतला. पिशवीची चेन उघडली, पेन काढलं आणि खिडकीशी नेऊन त्याच्या छोट्याशा काचेतून पाहिलं. आतलं औषध पाण्यासारखं असायला हवं होतं. ते चहासारखं झालं होतं.

केर्तू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तूच म्हणालीस ना, अंधारी, कोरडी आणि हाताशी असलेली जागा हवी," त्या म्हणाल्या. "याहून कोरडी जागा बेटावर कुठली, बाई? यार्नोचे वडील याच खोलीत जन्मले. घरात दमट असतं म्हणून आम्ही बाळंतपणंसुद्धा इथेच केली."

ती खरंच तसं म्हणाली होती. तापू देऊ नका, एवढंच सांगायचं राहिलं होतं. उन्हात ठेवू नका म्हटलं की त्यात सगळं आलं, असं ती धरून चालली होती. आणि उन्हाळ्यात सौना रोज संध्याकाळी पेटते, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं? ती याच देशात जन्मलेली. या खोलीला कुणीच गरम म्हणत नाही. गरम असतं ते आत, दाराच्या पलीकडे.

परत जाऊ या, ती यार्नोला म्हणाली. त्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हिच्या. परत कशाला, पलीकडच्या गावात औषधाचं दुकान आहे, डॉक्टरांची चिठ्ठी संगणकावर असतेच, बंद व्हायच्या आत जाऊन नवं घेऊन येतो, म्हणाला. या खेपेला त्याने थट्टा केली नाही. त्यानेच तिला जास्त भीती वाटली. होडीचा आवाज टोकाच्या खडकामागे गेला, आणि बेटावर एकच होडी होती हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

मग ती पहारेकऱ्यासारखी वागली. विल्याला सरबत घरात, झाकणाच्या पेल्यातून. पायात बूट, आधी उलटे करून आपटलेले. बेरीच्या झुडपांकडे जायचं नाही. केर्तू नातीचा हात धरून तिला पाण्याच्या काठाशी घेऊन गेल्या, तिथे फुलं नव्हती म्हणून. विल्या घोट्याभर पाण्यात उभी राहून दगड टाकत होती. थोड्या वेळाने तिचे ओठ थंडीने थरथरायला लागले. रेट्टाने सौनाच्या खोलीतून खुंटीवरचा टॉवेल ओढला, लेकीभोवती गुंडाळला आणि तिला घट्ट जवळ घेतलं.

विल्या किंचाळली.

टॉवेलच्या घडीतून गांधीलमाशी निघाली आणि सावकाश, काही घडलंच नसल्यासारखी, खोलीकडे परत गेली. त्या खुंटीच्या वर, छताच्या कोपऱ्यात, लिंबाएवढं राखाडी पोळं होतं. कोरडी जागा त्यांनाही आवडते.

मानेवर डंख होता. पाकीट, पेन, टोपण, मांडी. रेट्टाने दाबून धरलं आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजले. केर्तूंनी तोवर तातडीच्या मदतीचा फोन लावून तिच्या कानाशी धरला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की बचाव पथकाची होडी निघते आहे, मुलीला उभं करू नका, दुसरं पेन हाताशी ठेवा.

"दुसरं खराब झालंय," रेट्टा म्हणाली. "तपकिरी झालंय."

मग तो म्हणाला, "फेकू नका. लक्षणं परत आली आणि दुसरं काहीच नसलं, तर तेच द्या. नसल्यापेक्षा बरं."

पहिल्या पेनाने काम केलं. विल्याचा श्वास मोकळा झाला, गालांवर रंग आला, आणि मुम्मोला, म्हणजे आजीला, तिने कुरकुरत विचारलं की मी रडले म्हणून गोड पाव मिळेल का. केर्तू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. सौना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही ते मरणाचंच दुखणं, ही जुनी म्हण त्या एरवी उठताबसता ऐकवत. आज त्या फक्त नातीचा श्वास ऐकत होत्या. मागे चुलीत लाकूड तडकलं. विझवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

यार्नोचा फोन लागेना. रेट्टाच्या डोळ्यांपुढे घरातला ड्रॉवर येत होता. कमरेने लोटलेला. आत पाण्यासारखं स्वच्छ औषध.

मग विल्या खोकली. एकदाच, कोरडं. रेट्टाने मान वळवली नाही. तो खोकला साधा असेल, पाण्याचा असेल, थंडीचा असेल. विल्या पुन्हा खोकली, आणि खोकल्याच्या शेवटी ती बारीक शिटी वाजली, गेल्या वर्षीची.

"मुम्मो, हिला बसवून धरा," रेट्टा म्हणाली.

केर्तूंनी नातीला छातीशी टेकवून धरलं. "माझ्यामुळे," त्या पुटपुटल्या.

"आता नको. धरा फक्त."

तळ्यावर कुठेतरी इंजिनाचा आवाज उमटला. पथकाची होडी की यार्नोची, कळत नव्हतं. शांत पाण्यावर आवाज फार लांबून येतो. टोकाचा खडक तसाच रिकामा होता. रेट्टाने चहाच्या रंगाचं ते पेन मुठीत धरलं, टोपण काढलं, आणि लेकीच्या दुसऱ्या मांडीवर टेकवलं.