गाजराचा रस

त्या रविवारी डेन्झिलने दारू सोडून एकोणनव्वद दिवस झाले होते. माझा धाकटा भाऊ तो. दारू सुटल्यापासून पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येत होता, आणि बकऱ्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर त्याला प्यायला काय द्यायचं, या विचाराने माझं डोकं उठलं होतं. आल्याचं सरबत म्हणजे तोंडाची आणखी आग. लाल सॉरेलच्या फुलांचं सरबत एरवी रम घालूनच प्यायचं, त्याचा नुसता वास आला तरी त्याला रम आठवणार. शेवटी गाजराचा रस ठरवला, डब्यातलं घट्ट गोड दूध आणि जायफळ घालून. दुधाने तिखटही शमतं आणि भाऊही सांभाळला जातो.

या नादात रश्श्यात स्वादापुरती सोडलेली अख्खी बोनेट मिरची वेळेवर उचलायची राहिली. ती फुटली. सगळा रस्सा जहाल झाला. मी कपाळावर हात मारला, पण पाहुणा दारात उभा होता.

पहिल्याच घासाला डेन्झिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ताई, मारतेस का काय भावाला!" म्हणत त्याने रसाचा ग्लास उचलला.

तेवढ्यात माझा नवरा एव्हर्टन स्वयंपाकघरातून धावत आला. "अगं, रसात मी रम घातलीय! दर रविवारी घालतो तशी. सवयीने हात गेला."

हा माणूस! बारा वर्षांत भांडी घासायला मात्र याचा हात सवयीने कधी गेला नाही.

"डेन्झिल, पिऊ नकोस!" मी ओरडले.

ग्लास त्याच्या ओठांशी होता. त्याला वास आला होता, हे मला स्पष्ट दिसलं. तोंड पेटलेलं, कपाळावरून घाम निथळतोय आणि हात तिथेच थांबलेला. तो ग्लास हिसकावून घ्यायला हवा होता, पण मी नुसती त्या ग्लासकडे बघत राहिले.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला, "चांगलीच घातलीत की."



मग त्याने ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. "डब्यात दूध उरलंय का गं?"

मी डबा आणि चमचा दिला. लहानपणी आई चर्चला गेली की आम्ही चोरून खायचो, तसा तो नाक ओढत दूध चाटत बसला. एव्हर्टनने रसाचं भांडं परसात नेऊन ओतलं.

डबा खरवडून झाल्यावर डेन्झिलने ताट पुढे केलं. "वाढ अजून. उद्या नव्वदावा दिवस आहे, उपाशी राहून नाही जमायचं."

मी वाढलं. मग दुधाचा दुसरा डबा फोडून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.